सात नंबरची वसवी

आण्णा, मी तुमच्याशी शेवटचं जे बोलले ते खोटं होतं. तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. रोज ठरवते की एकदा बसून तुम्हाला सगळं सरळ सांगायचं, आणि रोज काहीतरी काम काढून ते टाळते. काम काढून टाळणं मी तुमच्याकडूनच शिकले. मी लिहिलेले अहवाल तुम्ही न वाचता चहाच्या कपाखाली ठेवायचात, आणि विचारलं की म्हणायचात, तोंडानं सांग की. आता तोंडानं सांगायची सोय राहिली नाही, तेव्हा हे कागदावरचं तेवढं ऐकून घ्या.

शोकसभेत तुमच्याबद्दल सगळे इतकं गोड बोलले की तुम्ही असतात तर मधेच उठून पंप बघायला गेला असतात. शांत स्वभाव म्हणे. जमिनीवर एक नट सापडला तर अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं ओरडणारा माणूस आठवड्याभरात शांत झाला. माझी बोलायची वेळ आली तेव्हा मी दोन वाक्यं कशीबशी बोलले आणि खाली बसले. लोकांना वाटलं मला रडू आलं. रडू नव्हतं आलं, भीती वाटत होती. ती अजून गेलेली नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी डिप्लोमा घेऊन आपल्या चटणीच्या कारखान्यात मेंटेनन्सला तुमच्या हाताखाली आले, तो पहिला दिवस तुम्हाला आठवतो का, माहीत नाही. तुम्ही मला आधी बांगड्या काढायला लावल्या, मग साबणानं हात धुवायला लावले आणि डंकांच्या रांगेपुढं नेऊन उभं केलंत. गल्लीतल्या कांडपाच्या गिरणीत असतात तसेच डंक, फक्त एका शाफ्टवर बारा. प्रत्येक मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं, ज्याला आपण वसवी म्हणतो. मिरची, मसाला, कांदा, लसूण, मीठ, सगळं त्या वसवीखाली दिवसभर कुटलं जातं. तुम्ही माझ्या एका हातात नवी वसवी दिलीत आणि दुसऱ्या हातात वर्षभर वापरलेली. जुनी हलकी लागत होती. का, असं विचारलंत. मी पुस्तकातलं सांगितलं, घर्षणानं झीज होते.

"झीज व्हती ते कळलं. झिजल्यालं लोखंड जातंय कुठं?"

मी दोन्ही वसव्या परत तोलून बघितल्या.

"लोकाच्या पोटात जातंय," तुम्ही म्हणालात. "भुकटी असली तर चुंबक धरतंय. तुकडा पडला तर चुंबकाच्या बाजूनं निसटतोय. ह्याचं ज्याला भ्या वाटत न्हाय, त्यानं हितं काम करू नये."

मी घरी येऊन ताटातली चटणी बाजूला सारली होती. आई म्हणाली, पहिल्याच दिवशी काय शिकवलं गं तुला तिथं.

रोज सकाळी लाईन सुरू व्हायच्या आधी तुम्ही बाराही वसव्यांच्या कडेवरून डाव्या हाताचं पहिलं बोट फिरवायचात. हातमोजा नाही, मोजायचं कुठलं साधन नाही. बोट अडलं की वसवी बदलायची. मला हे अडाणीपणाचं वाटायचं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं होतं. तुम्ही चिडला नाहीत. फक्त माझा हात धरून माझं बोट त्या कडेवरून फिरवलंत. वर्षभरात मला ते येऊ लागलं. मग तुम्ही माझ्यामागून बोट फिरवत यायचात. मी काही चुकले नसले की एक अक्षर न बोलता पुढच्या डंकाकडं सरकायचात. एवढंच काय ते कौतुक, पण त्याच्यासाठी मी सकाळी अर्धा तास लवकर यायचे.

आपलं खरं भांडण एकच होतं आणि ते मिटलं नाही. मेटल डिटेक्टरचं. चटणीत मीठ असतं आणि ओल असते, आणि ओलं मीठ त्या यंत्राला लोखंडच वाटतं, हे तुम्हीच मला शिकवलेलं. यंदा उन्हाळ्याचा हंगाम चढला तसं ते चांगली पाकिटं पट्ट्यावरून बाहेर ढकलायला लागलं. पॅकिंगच्या बायका वैतागल्या, मालकांच्या हाका सुरू झाल्या, आणि एका दुपारी तुम्ही पासवर्ड टाकून त्याचं सेटिंग दोन आकडे खाली आणलंत. मोठा तुकडा ते अजून पकडत होतं, बारीक सोडून देत होतं. आठ दिवसांपुरतं म्हणालात. तीन महिने झाले. मी दर सोमवारी म्हणायचे, वर करूया, नाहीतर यंत्रवाल्यांचा माणूस बोलावून चटणीचं वेगळं सेटिंग करून घेऊया. तुमचं उत्तर ठरलेलं. माझं बोट हाय तवर त्याचं काय काम न्हाय. मला तुमचा इतका राग यायचा की दुपारचा डबा मी वेगळा खायचे. पण पासवर्ड मलाही ठाऊक होता, आण्णा. मी तो कधी टाकला नाही, कुणाला सांगितलंही नाही. भांडत होते तरी तुमच्या बोटाच्या भरवशावर मीही बसले होते.

मग तो शनिवार आला. लाईन बंद झाल्यावर तुम्ही सहज म्हणून एक फेरी मारलीत आणि सातव्या डंकापाशी थांबलात. कड पूर्ण होती, पण तुमच्या बोटाला तडा लागला. मला दोनदा बोट फिरवल्यावर लागला. सोमवारी लाईन सुरू करायच्या आधी ही बदल, असं तुम्ही सांगितलंत. वसवी बदलायची म्हणजे शाफ्ट मोकळा करायचा, अर्धा दिवस बाराच्या बारा डंक बंद. मी हो म्हटलं. सोमवारी पहाटेच तुमच्या घरून काकींचा फोन आला की तुमच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात आणलंय. मी तशीच तिकडं पळाले, रात्रीपर्यंत तिथंच होते, आणि माझ्यामागं ऑपरेटरनं नेहमीसारखी लाईन सुरू केली.

मंगळवारी सकाळी मी सातव्यावर बोट फिरवलं. तडा होता, कड शाबूत होती. लाईन थांबवते म्हणून मालकांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, शाहूपुरीच्या व्यापाऱ्यांची गाडी भरली की थांबव, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. तुम्ही असतात तर तिथंच ओरडला असतात आणि मालक गप्प बसले असते. मला ओरडता आलं नाही. अकराच्या सुमाराला काकींच्या मोबाईलवरून तुमचा फोन आला. तुमचा आवाज पार आत गेला होता. मी कसं वाटतंय विचारलं त्याचं उत्तरच दिलं नाहीत.

"सात नंबर झाला का?"

"झाला की, आण्णा. बदलला. तुम्ही झोपा बघू आता."

"बरं," म्हणालात आणि फोन ठेवलात.

आजारी माणसाच्या जिवाला घोर नको म्हणून बोलले, असं मी स्वतःला सांगितलं. खरंही होतं ते. पण थोडं असंही होतं की तुमचं ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. तुम्ही बरे होऊन यायच्या आत वसवी बदललेली असेल, मग खोटं ते कुठलं, असा माझा विचार. बुधवारी सकाळी तुम्ही गेलात.

बुधवारी दिवसभर मी उचगावला तुमच्या घरी काकींपाशी होते. मालकांनी लाईन दोन तास बंद ठेवली आणि गाडी भरायची राहिलीय म्हणून परत चालू केली. गुरुवारी मी कामावर आले, हात धुतले, एक नंबरपासून बोट फिरवत निघाले. सातव्यावर बोट अडलं नाही, कापलं. कडेवरचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा गेला होता. मी लाईन बंद ठेवायला सांगून उखळ उपसलं, चुंबकं पुसून बघितली, चाळण्या उलट्या करून झटकल्या, फरशी स्वतः झाडली. तुकडा कुठंच नव्हता. मंगळवार सकाळपासून बुधवार संध्याकाळपर्यंत कुटलेल्या चटणीत तो कुठंतरी होता, आणि त्यातली बरीच चटणी गाडीतून गेलेली होती.

त्यानंतर मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. स्टोअरमध्ये गेले, दार लावलं आणि तासभर बसून राहिले. ती फुटकी वसवी भंगाराच्या डब्यात टाकली की कुणाला काही कळणार नव्हतं. तडा होता हे तुम्हाला ठाऊक होतं, पण तुम्ही नव्हतात. मला कुणाच्या तरी घरातलं ताट दिसत होतं, भाकरीचा तुकडा चटणीला लावून तोंडात जाताना दिसत होता, आणि तरी मी बसून होते. नोकरी जाईल, ही एक भीती. तुमचं नाव जाईल, ही दुसरी. शेवटी उठले ती काही मोठ्या मनानं उठले नाही. इथं गप्प बसले तर जन्मभर प्रत्येक सकाळी हेच दिसणार, ही भीती बाकीच्या दोन्हींपेक्षा मोठी झाली.

मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, एवढं काय घाबरतेस, डिटेक्टर आहे की आपला. मग मला तेही सांगावं लागलं. तुमचं नाव तोंडातून काढणं जड गेलं, पण काढलं. कधीपासून खाली आहे, कुणी केलं, मला किती दिवस ठाऊक होतं, सगळं. मग त्यांनी शाहूपुरीच्या व्यापाऱ्यांना आणि आजऱ्याच्या दुकानदाराला फोन लावले. दोन दिवसांचा सगळा माल परत बोलावला. एवढं त्यांच्या पदरात टाकलं पाहिजे.

पुढचे दहा दिवस काय चाललं होतं ते तुम्ही बघायला हवं होतं. मी वसवी बदलली, डिटेक्टरचं सेटिंग वर केलं, आणि परत आलेलं एकेक पाकीट त्याच्यातून चार-चारदा काढलं. ओल्या मिठानं ते आपल्या सवयीप्रमाणं ओरडत होतं. ओरडलं की पाकीट फोडायचं, पांढऱ्या ट्रेवर चटणी पसरायची, वरून चुंबक फिरवायचं आणि मग बोटांनी चाचपायचं. पॅकिंगच्या बायका मिरचीनं हाताची आग होत असताना माझ्याबरोबर बसल्या होत्या. ज्यांच्या कटकटीनं तुम्ही सेटिंग खाली आणलंत त्याच बायका. एकीनंही तुम्हाला नाव ठेवलं नाही. आण्णांनी आमच्यापायी केलं, असं एक जण म्हणाली आणि नाकाला पदर लावून शिंकत राहिली.

तुकडा मिळाला नाही, आणि एक खोका जुळेना. तयार झालेला माल, परत आलेला माल, गोडाऊनमध्ये असलेला माल, सगळं तीनदा ताडून बघितलं तरी एक खोका कमी. तेराव्या दिवशी, तुमच्या उत्तरकार्याला निघायच्या आधी, मी गोडाऊन सांभाळणाऱ्या दत्ताला शेवटचं विचारलं की एखादा खोका नोंद न करता गेला का. तो सहज म्हणाला, मालकांनी गुरुवारी सकाळीच एक खोका आण्णांच्या घरी पाठवायला सांगितला होता, कार्याच्या आमटीत घालायला. मी ओरडले, मग लिहिलं का नाहीस. त्याला माझं ओरडणंच कळेना. आण्णांच्या घरी पाठवायचं त्याची कसली नोंद करायची, म्हणाला. बरोबर होतं त्याचं. मीही केली नसती. तुम्हाला परक्यासारखं वहीत घालायचं कुणाच्या मनात आलं असतं?

काकी फोन उचलेनात. उचगावपर्यंत गाडी कशी चालवली मला आठवत नाही. दारात मांडव, पहिली पंगत बसलेली, भात वाढून झालेला आणि दोन पोरं बादल्या घेऊन पलीकडच्या टोकाकडून आमटी वाढत निघालेली. तिकडच्या चार-पाच पानांवर आमटी पडली होती. एका म्हाताऱ्यानं भात कालवायला घेतला होता. आण्णा, त्या वेळी माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो तुमचा होता. म्हाताऱ्याचा हात तसाच पानावर राहिला.

"काय झालं, ताई?" कुणीतरी विचारलं.

"आमटीतल्या चटणीत लोखंडाचा तुकडा असंल," मी म्हटलं. "कारखान्यातनं आलाय. माझ्या हातनं काम राहिलंय. कुणी खाऊ नका."

तुमच्या कार्याच्या दिवशी तुमच्या दारात आमटीची बादली उचलून न्यावी लागली. पाहुणे भात, दही आणि गोडाचं खाऊन उठले. कुणी काही बोललं, कुणी नुसतं बघितलं. आचाऱ्यानं न विचारता धोतराचं स्वच्छ पान काढून दिलं, आणि मी, तो आणि मागून आलेला दत्ता, आम्ही परसात बसून ती सगळी आमटी त्यातून गाळली. गाळ चिमटीत धरून चोळला. उरलेली पाकिटं फोडली. काहीही निघालं नाही. न निघाल्याचा आनंद मला पळभरच झाला. इथं नाही म्हणजे तो दुसरीकडं आहे.

हात धुऊन मी आत काकींपाशी गेले. त्या चुलीजवळच्या पाटावर बसल्या होत्या. मला तेवढाच एक आधार होता की तुम्ही निर्धास्त गेलात. तोही आता राहणार नव्हता, कारण काकींना सांगितल्याशिवाय मला तिथून उठता येत नव्हतं. मी सांगितलं की आण्णांना मी फोनवर खोटं बोलले, वसवी बदलली नव्हती.

"त्यास्नी ठावं हुतं," काकी म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही. मी परत सांगायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"फोन ठिवला आन म्हणालं, पोरगी खोटं बोलती. मागं बाराच्या बारा डंक वाजत्यात."

मी शेडमध्ये उभी राहून बोलत होते, आण्णा. अर्धा दिवस लाईन बंद ठेवून करायचं काम सकाळी अकरालाच, लाईन चालू असताना, झालं म्हणून तुम्हाला सांगत होते. तीस वर्षं तो आवाज ऐकलेल्या माणसाला.

मी विचारलं, मग मला परत फोन का नाही केला. काकी म्हणाल्या, मीबी त्येच इचारलं. "तर म्हणालं, ऱ्हाऊ दे. मी झोपावं म्हणून बोलली ती. आन डोळं मिटून पडलं. झोप कुठली लागतीया. सांजपतोर तसंच पडून हुतं."

हे ऐकल्यापासून मला तुमचा राग येतोय, आणि तो कुणावर काढू ते कळत नाही. एका सैल नटासाठी मला सगळ्यांदेखत फाडून खाणारे तुम्ही, नेमकं त्याच दिवशी माझं मन राखायला निघालात. ओरडायचं होतंत. काकींचा फोन घेऊन परत ओरडला असतात तर मी मालकांना न विचारता शाफ्ट मोकळा केला असता. तुम्ही झोपावं म्हणून मी खोटं बोलले, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही झोपल्याचं सोंग घेतलंत, आणि आपण दोघं असे एकमेकांना जपत असताना सातवा डंक चालू होता. एवढी माया तुम्ही नऊ वर्षांत एकदाही दाखवली नव्हती. मला ती हवी होती हे खरं आहे. त्या दिवशी नको होती.

मालक वाईट नाहीत, पण घाबरलेत. परवा त्यांनी मला व्यापाऱ्यांना द्यायचा अहवाल लिहायला सांगितला आणि सुचवलं की चूक दिवंगत कर्मचाऱ्याकडून झाली असं एक वाक्य घाल. गेलेल्या माणसाचं काय जातंय, म्हणाले. मी घरी आणून तीनदा लिहिलं. तुमचं नाव अजिबात येऊ नये असं एकदा लिहिलं, पण ते खोटं झालं असतं, आणि तुमच्या बाबतीत आणखी एक खोटं माझ्याच्यानं लिहवेना. शेवटी जे होतं ते लिहिलं. डिटेक्टरचं सेटिंग तुम्ही खाली आणलंत. मला तीन महिने ठाऊक होतं. वसवी बदलायला तुम्ही सांगितलं होतं, ती मी बदलली नाही. खाली सही माझी. तुमचं नाव मी वाचवलं नाही, आण्णा. माझंही नाही. नोकरीचं काय ते मालक पुढच्या आठवड्यात सांगणार आहेत.

आजऱ्याच्या दुकानदारानं सगळा माल परत पाठवला, फक्त दोन पाकिटं आमचा फोन जायच्या आधीच विकली गेली होती. एक बाई होती, कडेवर लहान मूल होतं, आंबोलीकडं जाणाऱ्या गाडीतून उतरली आणि घेऊन गेली, एवढंच त्याला सांगता येतं. त्यानं दुकानात पाटी लावलीय, पण ती बाई परत त्या रस्त्यानं येईल कशाला? मी रोज सकाळी त्याला फोन करते. आता तो माझा आवाज ऐकला की मी विचारायच्या आधीच सांगतो, न्हाय ताई, कोण आलं न्हाय. तक्रार नाही म्हणजे काही झालं नाही, असं सगळे मला समजावतात. मला एवढंच वाटतं की तिनं पाकीट अजून फोडलं नसेल.

त्या दिवशी सात नंबर बदलला नव्हता, आण्णा. तुम्हाला ठाऊक होतं, तरी माझ्या तोंडून ऐका. दोन पाकिटं अजून बाहेर आहेत, आणि तुकडा सापडलेला नाही.